शेवटच्या खोक्यातला पेंढा

काचकारखान्यात एकच खोली थंड होती, आणि ती माणसांसाठी नव्हती. भट्टीवरचा माणूस पाळी सुटली की सदरा पिळून खांद्यावर टाकायचा. मिश्रणघरात झाडणाऱ्या बाया तोंडाला फडकं बांधून दिवसभर वाळूची धूळ लोटायच्या, आणि वर दुसऱ्या मजल्यावर, दुहेरी काचेच्या दाराआड, कॉम्प्युटरची कपाटाएवढी दोन यंत्रं गारव्यात घुमत बसलेली असायची. थंडी कंपनीला परवडत नव्हती असं नाही. ती कोणाला द्यायची, एवढं फक्त ठरलेलं होतं.

त्या खोलीत जी बाई सव्वीस वर्षं बसली तिला सगळा कारखाना टेपताई म्हणायचा. भर उन्हाळ्यातही अंगावर लोकरीचा स्वेटर, कोपराला ठिगळ. कँटीनच्या रांगेत ती उभी राहिली की मागून कोणीतरी विचारायचं, काय ताई, वर बर्फ पडतोय का? ती म्हणायची, या बघायला. आणि खरोखरच न्यायची. दारावर परवानगीशिवाय आत येऊ नये अशी पाटी होती, पण भट्टीवरची माणसं जेवणाच्या सुट्टीत चार-चारच्या टोळीने आत येऊन, चपला बाहेर काढून, पाच मिनिटं गप उभी राहायची. एकदा साहेबांनी पकडलं; टेप उचलायला आलोय, अशी थाप माणसांनी मारली. एक टेप उचलायला चार माणसं कशाला लागतात, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, जड आहे साहेब, सगळा कारखाना आहे तिच्यात. साहेब निघून गेले. तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा भट्टीत हात घालणं बरं, हे तोवर त्यांना कळलं होतं.

ती कामाला लागली ती बापाच्या जागेवर. बाप भट्टीवाला. तो खोकत खोकत गेला, आणि घरातल्या एकाला काम द्यायचा कंपनीचा नियम होता. आई आधीच मिश्रणघरात झाडायला होती, पण ती कंत्राटदाराची माणूस. कंपनीच्या हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. कामगार अधिकाऱ्याने एकोणीस वर्षांच्या पोरीला विचारलं, झाडायला घालू की टाइप करायला? पोरीने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "झाडायला मी आहे. हिला बसवा."

ती बसली. आधी नुसते आकडे टाइप करायचे. मग टेपा चढवायच्या, उतरवायच्या, पुसून डब्यात घालायच्या. प्रोग्रॅम लिहिणारा जो साहेब होता तो दोन वर्षांत दुसरी नोकरी बघून गेला आणि जाताना सहा जाडजूड पुस्तकं मागे ठेवून गेला. पुस्तकं परक्या भाषेत. त्यातलं एक दार अडकवायला वापरत. तिने दाराला लाकडाचा तुकडा लावला आणि पुस्तक काढून घेतलं. शब्दकोश मांडीवर, पुस्तक टेबलावर, आणि एका पानाला एक आठवडा. चौथ्या महिन्यात पानाला एक दिवस. कोणी शिकवलं असं विचारलं की तिला राग यायचा. शिकवायला कोणी आलं असतं तर शिकले नसते का, म्हणायची.

त्या काळी प्रत्येक खात्याचा प्रोग्रॅम आपापल्या तऱ्हेने टेप लिहायचा. साठ्याची टेप हजेरीवाल्याला वाचता यायची नाही, दवाखान्याची कोणालाच नाही. एकाच घरात चार भाऊ, चार चुली. टेपताईने ठरवलं की सगळ्यांसाठी एकच लायब्ररी लिहायची. पुस्तकांची नव्हे. एकाने एकदा नीट लिहून ठेवायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या प्रोग्रॅममधून त्याला हाक मारायची, म्हणजे लायब्ररी. तिच्या लायब्ररीचं काम एकच होतं: पाच-पन्नास फायली घ्यायच्या, प्रत्येकीच्या माथ्यावर नाव आणि लांबी लिहायची, आणि सगळ्यांचा मिळून एक आर्काइव्ह बांधायचा, असा की दहा वर्षांनी कोणीही सोडला तरी प्रत्येक फाईल जशीच्या तशी बाहेर यावी.

बांधणं तिला महिनाभरात जमलं. अडलं ते पुढे. बांधलेलं ठेवायचं कुठे? कधी टेपवर, कधी डिस्कवरच्या फायलीत, कधी दुसऱ्या प्रोग्रॅमच्या तोंडात, कधी नुसतं यंत्राच्या आठवणीत. लिहायला लागण्याआधी ते ठिकाण उघडावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणाच्या सवयी निराळ्या. टेप तर महाहट्टी. कारखान्यातलं टेपचं यंत्र ठराविक मापाचाच ठोकळा घ्यायचं. भरलेला असेल तर घेणार, एक अक्षर कमी असेल तर नाही म्हणणार. आणि माणसांची नावं काही ठोकळ्याच्या मापाने येत नाहीत. शेवटचा ठोकळा नेहमीच अर्धामुर्धा राहायचा आणि यंत्र तो थुंकून टाकायचं.

उत्तर पुस्तकात नव्हतं. ते तिला पॅकिंग खात्यात सापडलं. एका दुपारी ती चहाचा पेला घेऊन तिथे उभी होती. मुकादम बाटल्या खोक्यात भरत होता. एका खोक्यात चोवीस. शेवटच्या खोक्याला नऊच उरल्या. त्याने नऊ ठेवल्या, उरलेल्या जागेत पेंढा दाबून दाबून भरला, झाकण ठोकलं आणि बाजूला नऊचा आकडा लिहिला. तिने विचारलं, पेंढा कशाला, नऊच पाठवा की. मुकादमाने तिच्याकडे असं बघितलं की जणू ती कारखान्यात आजच आलीय. म्हणाला, गाडीला बाटल्या दिसत नाहीत गं बाई, गाडीला खोकं दिसतं. अर्धं खोकं पाठवलं तर वाटेत काचेचा चुरा.

चहा तसाच ठेवून ती वर पळाली. टेपच्या शेवटच्या ठोकळ्यात जेवढी जागा उरेल तेवढी शून्यं भरायची. लांबी माथ्यावर लिहिलेलीच आहे, सोडणारा बरोबर तेवढंच घेईल आणि पेंढा टाकून देईल. पण डिस्कवरच्या फायलीला पेंढा नको, तिथे उगाच जागा फुकट. म्हणून तिने प्रत्येक ठिकाण उघडणारा निराळा तुकडा लिहिला, आणि उघडताना पहिलं काम हे ठेवलं की समोरच्याला विचारायचं: बाबा, तू कोण? टेप असशील तर शेवटी पेंढा भरते. फाईल असशील तर नाही.

पहिल्या वर्षी फजितीही झाली. ठिकाणाचं नाव दिलंच नाही तर काय, याचा विचार करून तिने लिहिलं होतं की नाव नसेल तर यंत्राचं जे नेहमीचं तोंड असेल तिथे ओतायचं. कोठाराच्या कारकुनाने नाव लिहायचं विसरून प्रोग्रॅम चालवला, आणि त्या दिवशी नेहमीचं तोंड म्हणजे छपाईयंत्र होतं. अख्ख्या कोठाराचा साठा चित्रविचित्र खुणांच्या रूपाने कागदावर पडायला लागला. कारकून बिचारा बंद कसं करायचं ते न कळून कागदाची घडी घालत बसला, ऐंशी-नव्वद पानं, अगदी व्यवस्थित. मग ती चळत काखेत मारून वर आला आणि म्हणाला, ताई, साठा आला, पण वाचायला तुम्हीच लागाल. महिनाभर कँटीनमध्ये ती दिसली की कोणीतरी हवेत घड्या घालून दाखवायचं.

पण लायब्ररी चालली. चालली म्हणजे गावभर, आणि गावाबाहेरही झाली. इतर ऑफिसांतले ऑपरेटर ऐकून यायला लागले. तिने कोणाला नाही म्हटलं नाही. कोरी टेप आणा, भरून न्या. असे सात जण झाले. त्यांच्याशी पोस्टकार्डावर बोलणं चालायचं. तिच्या टेबलाच्या खणात कार्डांची गड्डी रबराने बांधलेली असे. त्यातल्या दोघा-तिघांनी लिहिलं की आमच्याकडे ठिकाण आमचा प्रोग्रॅमच उघडतो, तुमची लायब्ररी पुन्हा उघडायला जाते आणि भांडण होतं. तिने त्यांच्यासाठी एक जास्तीचा तुकडा लिहिला आणि सातही जणांना पाठवला. आधीच उघडलेलं ठिकाण हातात द्या, लायब्ररी तिथे लिहील. या तुकड्यात तिने 'तू कोण' हा प्रश्न घातला नाही. ज्याने दार उघडलं त्याने बघूनच उघडलं असेल, असं ती धरून चालली. लोकांना चांगलं समजायची तिची ती एकुलती एक चूक असावी. बाकी बाबतीत ती कोणालाच सहजासहजी चांगलं समजायची नाही.

त्यानंतरची नऊ-दहा वर्षं तिच्या आयुष्यातली सोन्यासारखी. खिडकीतून दुपारी कलती उन्हं यायची, टेपच्या चकत्या फिरताना भिंतीवर त्यांचे गोल नाचायचे. दवाखान्याची नर्सबाई दर महिन्याला आकड्यांचा कागद घेऊन यायची आणि दोघी दारामागे उभ्याने चहा प्यायच्या, कारण आत चहाला बंदी होती आणि बंदी टेपताईनेच घातली होती. नर्सबाई त्याच्याही आधीपासून प्रत्येक कामगाराला वर्षातून एकदा नळीत फुंकायला लावायची आणि फुंक किती भरली तो आकडा लिहायची. कंपनीने तिला सांगितलं होतं की हजेरीपटावरच्यांचीच फुंक घ्या. तिने झाडूखात्यातल्या एकोणतीस कंत्राटी बायांचीही घेतली. का, असं विचारल्यावर म्हणाली होती की नळी माझी आहे आणि धूळ त्यांच्याकडे जास्त आहे. त्या बायांची फाईल यादीत सगळ्यात शेवटी. भट्टी, साचे, पॅकिंग, कोठार, आणि मग झाडू. तिथेही शेवटीच.

सोळा वर्षांची फुंक अशी साठली. मूळ कार्डं जागा अडवतात म्हणून कंपनीने रद्दीत घातली. जे काही होतं ते डिस्कवर होतं.

मग दोन गोष्टी एकाच महिन्यात आल्या. युनियनने वर्षानुवर्षं धरलेलं गाऱ्हाणं मान्य होऊन मेडिकल बोर्ड बसलं. ज्याची फुंक साल दर साल घटत गेलेली दाखवता येईल त्याच्या छातीचा इलाज जन्मभर कंपनीकडे. नोंद नसेल त्याला तपासणार नाही, कारण खोकला कशानेही होतो. आणि दुसरी गोष्ट, मुख्य ऑफिसने सगळ्या कारखान्यांचं काम आपल्याकडे घ्यायचं ठरवलं. थंड खोली बंद. सगळं टेपवर चढवून पाठवा, शनिवारी दुपारी बाराला डिस्का निघतील आणि पुसल्या जातील.

या कामाला मुख्य ऑफिसातून एक इंजिनियर आला. गळ्यात टाय. कारखान्यात टाय बघून लोकांना एवढी गंमत वाटली की त्याचं नावच टायवाला पडलं. तो वाईट नव्हता. घाईत होता. त्याने स्वतःचा प्रोग्रॅम आणला होता, त्याने टेप उघडली आणि उघडलेली टेप टेपताईच्या लायब्ररीच्या हातात दिली. गुरुवारी दुपारी चार वाजता छापील यादी टेबलावर ठेवून म्हणाला, झालं सगळं, सत्तावन्न फायली. मोठ्या साहेबांनी यादीवर सही केली. टेप डब्यात, डब्यावर लाखेची मोहोर.

शुक्रवारी सकाळी टेपताई आली आणि तिने लाख फोडली.

तिची ती सवय होती. लिहिलेली प्रत्येक टेप परत वाचायची. टायवाला म्हणाला, अहो मॅडम, यादी आहे ना. ती म्हणाली, ती काय पाठवलं त्याची यादी आहे, काय पोचलं त्याची कुठाय? टेप चढवली, वाचायला लावली. पडद्यावर नावं उतरू लागली. भट्टी, साचे, पॅकिंग, कोठार. छप्पन्न. आणि टेप थांबली.

तिने पुन्हा वाचली. पुन्हा छप्पन्न. झाडूखातं नाही. एकोणतीस बाया आणि त्यांची सोळा वर्षांची फुंक शेवटच्या ठोकळ्यात होती. ठोकळा भरला नव्हता, पेंढा घातला नव्हता, यंत्राने तो थुंकला होता. त्या एकोणतिसांतली अकरावी तिची आई.

कुठे चुकलं ते शोधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि तेच तिला जास्त झोंबलं. जास्तीचा तुकडा. तिथे तिने प्रश्नच विचारला नव्हता. टायवाल्याचीही चूक होतीच: टेप बंद करताना लायब्ररीने त्याला सांगितलं होतं की शेवटचं गेलं नाही, आणि त्याने ते उत्तर बघितलंच नव्हतं. पण दार तिचं होतं.

ती मोठ्या साहेबांकडे गेली. साहेबांना वाटलं ती निरोपाचं बोलायला आलीय; त्यांनी खुर्ची दाखवली. तिने उभ्यानेच सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की यंत्रं आता मुख्य ऑफिसच्या ताब्यात, सही झालेली टेप पुन्हा करायची तर लेखी कारण लागेल. शिवाय एकोणतीस बाया, त्याही कंत्राटदाराच्या. त्या यादीत होत्या कशा, हाच प्रश्न आहे.

"फुंक मोजली तेव्हा त्या कारखान्यात होत्या," ती म्हणाली. "कारण काय लिहू ते सांगा."

"चूक कोणाची ते लिहावं लागेल. मुख्य ऑफिसच्या माणसाची असेल तर तिथून चौकशी येईल. सोमवारी, मंगळवारी."

"आणि माझी असेल तर?"

साहेबांनी पेन पुढे केलं. तुमची असेल तर मी इथेच मंजूर करतो, म्हणाले. पण मग आणखी एक वाक्य घाला: ही लायब्ररी वापरण्यास योग्य नाही. म्हणजे मुख्य ऑफिस ती काढून विकतची घेतंय, त्याचं मलाही कारण राहील.

बाहेर युनियनचा सेक्रेटरी उभा होता. त्याला कोणीतरी कळवलं होतं आणि त्याचे हात शिवशिवत होते. तो म्हणाला, सही करू नका ताई, टायवाल्याला दारात अडवतो, भट्ट्या थांबवतो, बघू कोण डिस्क काढतो. एरवी ही भाषा तिच्या आवडीची. संपात फाटकावर सगळ्यात पुढे उभी राहणारी ती. आज मात्र नाही.

"भांडायला सोमवार आहे," ती म्हणाली. "बाया उद्या बारापर्यंतच आहेत."

तिने लिहिलं. माझ्या लायब्ररीत दोष आहे. त्यामुळे टेप अपुरी गेली. दुरुस्तीसाठी यंत्र दोन तास मिळावं. आणि साहेबांनी सांगितलेलं वाक्य, अक्षर न गाळता, एका रेषेत. ज्या गोष्टीसाठी माणसं गावभरातून कोऱ्या टेपा घेऊन आली होती तिच्यावर तिने स्वतःच्या हाताने काट मारली.

दुरुस्ती चार ओळींची होती. उघडलेलं ठिकाण हातात आलं की आधी विचार, तू कोण. टायवाला मागे उभा राहून बघत होता. टेप पुन्हा लिहायला लावली. बंद करतानाचं उत्तर या वेळी त्याने स्वतः, पडद्याला नाक लावून वाचलं. मग हळूच म्हणाला, "कालही उत्तर आलं होतं. मीच बघितलं नाही."

"माहितीये."

"मग सगळं तुमच्याच नावावर का घेतलंत?"

"तुमची सही यायला सोमवार उजाडला असता," ती म्हणाली. "चकती उतरवा. सावकाश. जड आहे ती."

परत वाचलं. सत्तावन्न. शेवटची फाईल तिने उघडून ओळ न् ओळ बघितली. अकराव्या ओळीशी थांबली. आईच्या फुंकेचे सोळा आकडे, पहिला ठसठशीत, शेवटचा त्याच्या निम्म्याहून कमी. घरात रोज तिच्याशी कडाकडा बोलणारी बाई कागदावर एवढी दमलेली असेल हे तिला माहीत नव्हतं.

घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं. शेवटी विचारलं, म्हणजे आम्ही रांगेत शेवटी होतो म्हणून राहिलो? हो. मग आत घेतलंस कसं? तिने पेंढ्याचं सांगितलं, मागे शून्यं भरली म्हणाली, खोकं भरेपर्यंत. आईने विचारलं किती. हजारो, ती म्हणाली. आईला हसू फुटलं आणि हसता हसता खोकला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "जन्मभर थंडीत बसलीस, आणि पेंढा भरायचं पॅकिंगवाल्याने शिकवलं. त्याला सांग, तुझ्या मास्तरकीला दाद दिली मी."

बोर्डाने एकोणतीसपैकी बावीस बायांना इलाजाचं कार्ड दिलं. उरलेल्या सातांची फुंक अजून पुरेशी घटलेली नव्हती. त्यांनी याला नशीब म्हणावं की काय ते त्यांनाच कळेना. आई पुढे नऊ वर्षं छातीच्या दवाखान्यात जात राहिली आणि तिथल्या प्रत्येक डॉक्टरशी भांडली.

थंड खोलीत आता बाटल्यांची बुचं ठेवतात. टेपताईला हिशेब खात्यात टाइप करायला बसवलं, मागच्या बाकावर, आणि तिच्या लायब्ररीच्या जागी मुख्य ऑफिसात विकतची आली. कोणी टोमणा मारला तर ती उत्तर द्यायची नाही, आणि तिने उत्तर न देणं हे लोकांना टोमण्यापेक्षा वाईट वाटायचं.

पण त्याआधी, डिस्का निघाल्या त्याच शनिवारी, टेबलाचा खण रिकामा करताना कार्डांची गड्डी हाती आली. जास्तीचा तुकडा त्या सात ऑपरेटरांकडेही होता. तिने तिथेच बसून सात पोस्टकार्डं लिहिली. माझी चूक झाली आहे. तुमच्या टेपांचे शेवटचे ठोकळे कोरे असण्याचा संभव आहे. खालच्या चार ओळी घालाव्यात आणि जुन्या टेपा परत वाचून बघाव्यात. कळवावं.

सहा उत्तरं आली. कोणाचं काहीच गेलं नव्हतं, कोणाचं थोडं. सातवं आलं नाही. ते बंदरावरच्या वजनकाट्याच्या ऑफिसचं होतं. तिने महिनाभर वाट बघितली, दुसरं कार्ड टाकलं, आणि एका सुट्टीच्या दिवशी सकाळची बस धरून तीन तासांनी तिथे जाऊन उभी राहिली.

ऑपरेटर पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, यंत्राशेजारी कुंड्यांना पाणी घालत होता. दहा वर्षांचा पत्रव्यवहार, पण कोरी टेप शिपायाहाती आलेली; एकमेकांचं तोंड पहिल्यांदा बघत होते. ओळख सांगितल्यावर त्याने खुर्ची पुसून दिली. कार्ड मिळालं नाही का, तिने विचारलं. मिळालं, तो म्हणाला, दोन्ही मिळाली. मग?

त्याने कुंडी खाली ठेवली. "पटलंच नाही हो, ताई. तुम्ही चुकाल? म्हटलं, कोणीतरी खोडसाळपणा केलाय तुमच्या नावाने. म्हणून काही बदललं नाही."

तिला राग यायला हवा होता. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, टेप चढवा.

वाचली. मग त्याच्या आधीची. मग त्याच्या आधीची. प्रत्येक टेप एकाच जागी थांबत होती. बोटी, माल, काटे, कायमचे हमाल. आणि रोजंदारीवरचे हमाल शेवटी, ते एकाही टेपवर नव्हते. डिस्कवर गेल्या तीन महिन्यांचं शिल्लक होतं. तिने चार ओळी घातल्या, तेवढं बांधलं, परत वाचलं. त्याआधीची दोन वर्षं, म्हणजे त्यांची नोंद सुरू झाल्यापासूनची, कुठेच नव्हती.

ऑपरेटर चष्मा पुसत राहिला. हे लोक रोज माझ्या काट्यावरून जायचे, म्हणाला. मालासकट तोलायचो, मग माणसाचं वजन वजा करून नुसत्या मालाचा आकडा काढायचो. वजनावरून ओळखायचो मी एकेकाला.

"मग सांगा," ती म्हणाली. "आठवतील तेवढे."

त्याला आधी जमेना. मग एक आठवला, एका पायाने लंगडणारा, तरी दोन पोती नेणारा. मग जुळे भाऊ, ज्यांना तो कधीच वेगळं ओळखू शकला नव्हता. मग जो काट्यावर चढताना श्वास रोखायचा, आपलं वजन कमी भरावं म्हणून. तिने नवी फाईल उघडली आणि टाइप करू लागली. तो अडला की ती थांबायची, घाई करायची नाही. परतीची बस साडेपाचला होती. पावणेपाचला तो म्हणाला, ताई, तुम्हाला उशीर होईल. ती पडद्यावरून मान न काढता म्हणाली, पुढचा सांगा.